नळावरचे महापौर

आमच्या आईनं आयुष्यात दोनच माणसांना मनापासून शिव्या घातल्या. पहिले आमचे थोरले चुलते. वडील गेल्यावर तेराव्याचं जेवण उरकलं आणि त्यांनी मोडनिंबच्या घरातून आमची ट्रंक बाहेर आणून ठेवली. दुसरे सोलापूरचे एक महापौर. चुलत्यांचं ठीक आहे, ते होतेच तसे. पण महापौरांना ती ज्या कारणासाठी शिव्या द्यायची ते कारण मी होते. हे मला ठाऊक होतं, आणि तरी कितीतरी वर्षं मी तिच्यासमोर पाटावर बसून खाली मान घालून जेवत होते. ते सांगायचंय. पण आधी तो माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीसुद्धा आईच्याच बाजूचे व्हाल.

सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. आई मात्र ‘बादलीवाला’ म्हणायची. कारण त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. वर तांब्या-पितळेची भांडी टांगलेली, खाली एकात एक घातलेल्या लोखंडी बादल्या, आणि मध्ये गादीवर अप्पा. धोतर, काळा कोट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागावले की दोन्ही.

महापौर झाले त्याच आठवड्यात चौकात कोणीतरी म्हणालं, “आता काय, नळ कोरडे ठेवायचे आन बादल्या विकायच्या. घरचाच धंदा हाय की.” सोलापुरात बोललेलं कुठं लपतं? संध्याकाळपर्यंत ते अप्पांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातल्या सगळ्या बादल्या, घागरी, हंडे, कळश्या माडीवर नेऊन ठेवायला लावल्या आणि कुलूप घातलं. महापौर असेपर्यंत पाणी भरायचं एकही भांडं विकायचं नाही. पोरांना म्हणाले, ताटं विका, तवे विका, उलथनी विका. आणि नेमकी लग्नसराई होती. मुलीच्या लग्नात हंडा-कळशी नको, असं कोण म्हणेल? गिऱ्हाईक यायचं, अप्पांचे मुलगे तोंड वाकडं करून ‘बाबांची महापौरकी संपल्यावर या’ म्हणायचे, आणि गिऱ्हाईक हसत शेजारच्या दुकानात जायचं. शेजारच्याचं ते वर्ष फार चांगलं गेलं. घरी बायकोनं महिनाभर अबोला धरला. अप्पांना कोणी विचारलं तर म्हणायचे, “न्हाई बोलत तर न्हाई. घर कसं शांत हाय बघा.”

त्याच वर्षी मी महापौरांच्या कार्यालयात मराठी टंकलेखिका म्हणून लागले. हंगामी. सहा महिन्यांची नेमणूक, मग एक दिवस घरी, मग पुन्हा सहा महिने, तेही वरच्यांच्या मनात असलं तर. आम्ही विणकरांच्या पेठेत एका चाळीत राहायचो. आई शेजारच्या मागवाल्याकडे कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळकांड्यांवर सूत गुंडाळायची. धाकटे दोघे भाऊ शाळेत. कांड्यांवर मीठ-मिरची भागायची, बाकी सगळं घर माझ्या त्या टंकलेखन यंत्रावर उभं होतं. त्यामुळे मी ऑफिसात श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे.

पहिल्या दिवशी अप्पा आत आले, माझ्याकडे न बघता यंत्राकडे बघितलं आणि बोटाच्या पेरानं त्याच्या पत्र्यावर टकटक केली. कान लावला. “चांगलं हाय,” म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “कुठली गं तू, यव्वा?” यव्वा म्हणजे कानडीत मायेनं ‘पोरी’. मी म्हटलं, मोडनिंबची. “म्हंजे पेरूवाल्या गावाची. पेरू टकटकून कळत न्हाई, चावूनच बघाया लागतंय,” असं म्हणाले आणि गेले. मी अधीक्षकांकडे बघितलं. ते म्हणाले, “सवय करून घ्या बाई. माणसालाही टकटक करतात कधी कधी.”

ती दुकानातली सवय. घागर विकताना पेरानं वाजवून दाखवायची. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर कुठंतरी चीर आहे. अप्पा सगळंच वाजवून बघायचे. टेबलं, दारं, फायलींचे गठ्ठे, शाळेच्या नव्या भिंती. एखाद्या सभासदानं लांबलचक भाषण केलं की ते शेजारच्याला हळूच म्हणायचे, “बद्द वाजायलंय.” एकदा पाणीपुरवठ्याच्या आवारात नवे पाइप येऊन पडले होते. अप्पा भर उन्हात त्या ढिगाभोवती फिरले, एकेक पाइप वाजवला आणि पाच-सात वेगळे काढायला लावले. अभियंता तोंडावर रुमाल धरून हसत होता. मग त्या पाइपांत पाणी सोडून बघितलं तेव्हा एक सोडून सगळे ठिबकले. जो एक चांगला निघाला त्याबद्दल अप्पांनी ठेकेदाराची रीतसर माफी मागितली.

कार्यक्रमातले हार त्यांनी कधी घरी नेले नाहीत. कचऱ्याची बैलगाडी रस्त्यात दिसली की मोटार थांबवायची आणि हार बैलाच्या गळ्यात घालायचा. “दिवसभर आमच्यापेक्षा जास्त काम त्यो करतोय.” त्या वर्षी सोलापुरात झेंडूचे हार घातलेले बैल कचरा ओढत हिंडायचे आणि परगावचा माणूस आज कोणता सण म्हणून विचारायचा.

आणि उद्घाटनं. अप्पांची अट होती, आधी पाणी, मग भाषण. एका वस्तीत नव्या नळाचं उद्घाटन होतं. मांडव, खुर्च्या, नारळ, सगळं तयार. अप्पांनी तोटी फिरवली. फुस्स करून हवा आली, थोडा गंज आला आणि संपलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अभियंता म्हणाला, “साहेब, आपण भाषण सुरू करा, तोवर येतं.” अप्पांनी तोटी पुन्हा बंद केली, नारळ उचलून काखेत घातला आणि म्हणाले, “हवेचं उद्घाटन मी करत न्हाई. पाणी आलं की कळवा, फोडायला येतो.” आणि खरोखरच पंधरा दिवसांनी तोच नारळ घेऊन गेले.

पण त्यांचा खरा छंद वेगळा होता. माडीवरच्या कुलपातली एकच बादली त्यांनी स्वतःसाठी खाली ठेवली होती. ती घेऊन ते रोज पहाटे गिरणीच्या भोंग्याला घराबाहेर पडायचे आणि कुठल्या तरी पेठेतल्या सार्वजनिक नळावर रांगेत शेवटी उभे राहायचे. आज ही पेठ, उद्या ती. दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, पाणी दीड तास यायचं. नंबर आला की बादली भरायची आणि जिचा नंबर लागणार नाही असं दिसेल त्या म्हातारीच्या हंड्यात ओतायची. रिकामी बादली घेऊन परत. लोक आधी बुजायचे, मग विसरायचे, मग बोलायला लागायचे. पाण्याचं तर बोलायचेच, पण सासूचं, पोराच्या शाळेचं, मागाच्या मालकाचंही. “हापिसात अर्ज बोलतो,” अप्पा म्हणायचे, “नळावर माणूस बोलतंय.” साडेदहाला ऑफिसात आले की मला समोर बसवून सकाळी ऐकलेलं सगळं पत्रांत घालायला सांगायचे. ते सांगायचे अर्धं कानडीत, अर्धं सोलापुरीत. त्याचं सरकारी मराठी मी करायचे. या कामाचा मला फार अभिमान होता, आता लपवून काय करू. ते म्हणायचे, “तिथली मोरी तुंबल्याय, लई वास मारतंय.” मी लिहायचे, ‘सदर ठिकाणी सांडपाण्याचा निचरा न झाल्याने दुर्गंधी पसरली असून...’ अप्पा न वाचता सही करायचे. “तुझं मराठी मला कळत न्हाई, पण दिसायला चांगलं हाय.”

आता एक गोष्ट सांगते, ती नळावर पाणी भरलेल्यालाच ठाऊक असते. आमच्या पेठेत रांगेत माणूस उभा राहायचा नाही, वीट उभी राहायची. एकेका घराची एक खूण. कोणाचा दगड, कोणाचं फुटकं मडकं, कोणाचा तळ गेलेला डबा. नळाच्या ओट्यापासून गटाराच्या कडेनं ही ओळ कायमची मांडलेली असायची. पाणी आलं की प्रत्येकीनं आपल्या खुणेपाशी घागर घेऊन उभं राहायचं. अडतीस घरं होती आणि दीड तासात पंचवीस-तीस घरांचं भागायचं. म्हणजे ती वीट म्हणजे जागा नव्हे, पाणीच. आम्ही आलो तेव्हा आमची वीट बत्तिसावी होती. कोणी चाळ सोडून गेलं, कोणी गावी परतलं, तशी आईनं ती सहा वर्षांत सरकवत सरकवत चौदाव्या जागी आणली होती. तिच्यावर तिनं गेरूचा ठिपका लावला होता. घराच्या उंबऱ्यापेक्षा तिचं त्या विटेकडे जास्त लक्ष असायचं.

अप्पांना मात्र हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरात नळ होता, आणि ते जेव्हा जायचे तेव्हा पाणी सुटलेलं असायचं, बायका घागरी घेऊन उभ्या असायच्या. पायाखालचे दगड म्हणजे पायाखालचे दगड. कोणी सांगितलंही नाही, कारण हे काय सांगायचं, ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

एके दिवशी ते लंगडत ऑफिसात आले. कुठल्याशा नळावर दगडाची ठेच लागून अंगठ्याचं नख उखडलं होतं, आणि त्यांच्यापुढे एक लहान पोरही अडखळून पडलं होतं. म्हणाले, “यव्वा, आरोग्य खात्याला लिही. नळापाशी लई घाण हाय, स्वच्छ करा म्हणावं.” एवढंच. दोन वाक्यं. पण मला दोन वाक्यांचं पत्र लिहायची लाज वाटायची. मी लिहिलं, ‘शहरातील सर्व सार्वजनिक नळांभोवती साठलेले दगड, विटा, फुटकी भांडी, डबे व तत्सम राडारोडा तातडीने उचलून जागा स्वच्छ करण्यात यावी.’ आणि रोजच्या पद्धतीप्रमाणे खाली डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. अप्पांनी सही केली.

तुम्ही विचाराल, तुझी स्वतःची वीट त्या ओळीत होती, तुला कळलं नाही? नाही कळलं. देवाशपथ नाही कळलं. ऑफिसात बसले की मी ऑफिसातली असायचे. ‘राडारोडा’ हा शब्द मला नवीनच मिळाला होता आणि तो कुठंतरी घालायचा होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, माग खडखडत असताना आणि बायका कामात असताना, आरोग्य खात्याची गाडी आमच्या पेठेतनं फिरली. मी संध्याकाळी घरी आले तर नळाची जागा लख्ख होती. भोवती पांढरी पावडर टाकली होती. एक खडा नव्हता. समोरच्या खोलीतली तेलुगू आजी, जी नळ बसला त्या दिवसापासून पहिली होती, ती ओट्याभोवती गोल गोल फिरत म्हणत होती, “ना रायी एक्कडा? ना रायी एक्कडा?” माझा दगड कुठं गेला. आई दारातच उभी होती. म्हणाली, “आगं, आपली ईट कुटं गेली? मुकादम म्हनतो, वरनं लिहून आलंय. कोन मेल्यानं लिहिलं आसंल?”

मी हात धुतले आणि जेवायला बसले.

सकाळी पाणी सुटलं तेव्हा अडतीस घरं एकदमच नळावर आली. प्रत्येकीचा नंबर म्हणे पहिल्या दहात. ज्या बायका एकमेकींच्या बाळंतपणात रात्र रात्र जागल्या होत्या त्या एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. मी आईला मागे ओढत होते, ती ऐकेना. कोणाचा तरी हंडा तिच्या पाठीत बसला, ती ओट्यावर हातावर पडली आणि मनगट मोडलं. त्या दिवशी आमच्या घरी एक थेंब पाणी आलं नाही. आईचं मनगट सरकारी दवाखान्यात बसवलं, पण ते नीट बसलं नाही ते नाहीच. कांड्या भरायचं काम गेलं.

असंच कमी-जास्त सगळ्या पेठांत झालं. महासभेत विषय निघणार हे ठरलेलंच होतं. सभेच्या आदल्या दिवशी अधीक्षकांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर त्या पत्राची ऑफिसप्रत होती आणि त्यांचं बोट माझ्या आद्याक्षरांवर. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “बाई, तुमची मुदत या महिन्यात संपते. पुढचा आदेश काढायचा की नाही, ते उद्या सभेत काय होतं त्यावर.” त्या रात्री मी घरी दोघा भावांची दप्तरं बघत बसले. वह्या नव्या होत्या.

सभेत मी मागे बाकावर नोंदी घ्यायला होते. आमच्याच पेठेचे एक सभासद उठले. फार तिखट बोलायचे, पण अप्पांबद्दल त्यांच्या मनात आदर होता. त्यांनी पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, “महापौरसाहेब, आम्ही तुम्हाला ओळखतो. ‘तत्सम राडारोडा’ हा शब्द तुमच्या तोंडात सात जन्मांत येणार नाही. हे कोणा कारकुनाचं काम आहे. त्याचं नाव सांगा, त्याला घरी पाठवा, आमचं म्हणणं संपलं.”

सुटायला दार उघडं होतं. अप्पांनी फक्त एक नाव घ्यायचं होतं. ते उठले. सभेत महापौरांना लाल झगा घालावा लागायचा, त्यात ते घामानं भिजायचे. झग्याच्या बाहीनं कपाळ पुसलं, त्याबरोबर विभूतीही पुसली गेली. म्हणाले, “पत्र मी सांगितलं. शब्द माझे हायत. सही बी माझीच. मला रांग ठाऊक न्हवती, ही माझी चूक. कुणाला घरी पाठवायचं तर मला पाठवा. तसं बी चार महिन्यांनी जाणारच हाय की.”

लोक हसले. विषय शांत झाला. आणि मी? मी मान खाली घालून त्यांचं बोलणं शब्द न् शब्द उतरवून घेतलं. ते खोटं आहे हे त्या सभागृहात खात्रीनं दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला जागेवर उभं राहता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा एकेका नळावर जाऊन बसायला लागले. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून आणलेले गोल तुकडे, छिन्नी आणि हातोडी. भांड्यांवर नावं घालायचं काम ते स्वतः करायचे, त्यातलंच हे सामान. पालथ्या बादलीवर बसायचे आणि प्रत्येक घरच्या बाईला दोनच प्रश्न विचारायचे, “तुझ्यापुढं कोण? तुझ्यामागं कोण?” दोघींचं जुळलं की तुकड्यावर नंबर ठोकायचा, भोक पाडायचं, दोरा ओवायचा, घागरीच्या गळ्यात बांधायचा. दगड गेले होते, पण ओळ बायकांच्या डोक्यात जशीच्या तशी होती. भांडणं लागलीच नाहीत. यादी लिहायला मी बरोबर असायचे.

आमच्या नळाचा दिवस आला. आई हात गळ्यात बांधून घरी पडलेली. तेलुगू आजीला पहिला नंबर मिळाला, तिनं तो पत्रा दोन्ही डोळ्यांना लावला. होता होता पंधरावीची पाळी आली. ती म्हणाली, “माज्यापुढं ह्या मोडनिंबच्या बाई. हिची आई की.” अप्पांनी हातोडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. “मग? चौदा तुझा?”

मी म्हटलं, “नाही. आम्ही शेवटचे.”

पंधरावी चपापली. पण स्वतःचा नंबर वर सरकतोय म्हटल्यावर कोण कशाला बोलतंय? तिच्या मागची गप्प, तिच्या मागची गप्प. अप्पांनी हातातला पत्रा छिन्नीच्या टोकानं वाजवला. मग हळू आवाजात म्हणाले, “बद्द वाजायलंय, यव्वा.” मी यादीतनं मान वर केली नाही. सगळ्यात शेवटी त्यांनी अडतीस ठोकला आणि माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं, आपण प्रायश्चित्त घेतोय. डोंबलाचं प्रायश्चित्त. पाण्याविना आई बसली, भाऊ बसले. पुढची कितीतरी वर्षं मी गिरणीच्या फाटकाजवळच्या नळावरनं दोन-दोन घागरी वाहिल्या, पण आईला वाटायचं, शेवटचा नंबर हे बादलीवाल्याचंच काम. “मी हात मोडून घरात पडले, आन त्या बादलीवाल्यानं डाव सादला. चौदावरनं शेवटाला टाकलं. त्येचं वाटुळं हुईल.” रोज. घागर उचलताना, मनगट दुखलं की, पाहुणे आले की. आणि मी वाढलेलं खात होते. शहाणपणा म्हणा, भेकडपणा म्हणा. मला विचाराल तर भेकडपणा.

अप्पांची मुदत संपली त्या दिवशी मी धीर करून त्यांच्या खोलीत गेले. ते झगा घडी घालत होते. मी म्हटलं, “अप्पा, ते शब्द माझे होते.”

“ठाऊक हाय की.”

“मग तुम्ही सभेत असं का सांगितलंत?”

त्यांनी झग्याची घडी मोडली, पुन्हा घातली. म्हणाले, “दुकानात बसायला लागलो त्या वर्षी मी एका नवऱ्या मुलीच्या सगळ्या भांड्यांवर भलत्याच माणसाचं नाव घातलं होतं. नवऱ्याचं न्हवे, व्याह्याचं. हंड्यापासनं पळीपर्यंत. मांडवात बोंबाबोंब झाली. वडलांनी मला घरी पाठवलं न्हाई. म्हणाले, चूक दुकानाची हाय.” मग झगा बाजूला ठेवून म्हणाले, “माझं राहू दे. पण आईला सांग. मनगट तिचं मोडलंय.”

तेवढं एक काम त्यांनी मला सांगितलं. वर्षभर त्यांनी सांगितलेलं प्रत्येक काम मी त्याच दिवशी केलं होतं. हे मात्र केलं नाही.

माझा आदेश निघाला, पुन्हा निघाला, मग मी कायम झाले. भावांची शिक्षणं झाली. पुढच्या निवडणुकीला अप्पा आमच्या भागातनं उभे राहिले, तेव्हा आई वाकडं मनगट दाखवत दारोदार फिरली. “ह्यो बगा त्येचा परसाद.” अप्पा पडले. आईच्या मनगटामुळंच पडले असं नाही, पण तेही एक होतं. ते पुन्हा गादीवर बसायला लागले, माडीवरच्या बादल्या खाली आल्या. दुकानावरनं जाताना ते हाक मारायचे, “यव्वा, सांगितलं का?” मी म्हणायचे, “सांगते, अप्पा.” दोन-तीनदा असं झालं. मग मी ऑफिसला जायचा रस्ता बदलला. लांबचा पडायचा, पण त्या रस्त्यावर भांड्यांचं दुकान नव्हतं.

ते गेले ते भर उन्हाळ्यात. तेव्हा पाणी तीन दिवसांतनं एकदा यायचं. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावरून न्यायच्या मखरात, त्यांना बसवलं होतं आणि मिरवणूक आमच्या पेठेतनं निघाली. माग बंद ठेवले होते. इतकी माणसं मी त्या रस्त्यावर कधी बघितली नव्हती. डांबर वितळत होतं आणि विमान खांद्यावर घेतलेल्यांच्या पायांत काही नव्हतं. मी आणि आई सज्जात उभ्या होतो. अप्पा बसल्यासारखे बसले होते, कपाळावर विभूतीचे पट्टे ठसठशीत.

आई म्हणाली, “गेला बादलीवाला. आपल्याला शेवटाला टाकून गेला.”

मी म्हटलं, “आई, त्यांनी नाही टाकलं. मी टाकलं.”

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. पत्र, राडारोडा, सभा, अडतीस. सज्जाचा कठडा धरून, रस्त्याकडे बघत, एका दमात. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. विमान तोवर चाळीच्या जवळ आलं होतं.

ती आत गेली आणि भरलेली घागर त्या वाकड्या हातानं कमरेवर घेऊन जिन्याकडे निघाली. घरात ती घागर आणि एक कळशी, एवढंच पाणी होतं.

“आई, नळ परवा येणार,” मी म्हटलं.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “तुज्या वाटनीचं घालते.”

मी वरनं बघत होते. गर्दीनं तिला वाट दिली. विमान थांबलं. तिनं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी ओतलं, एकेकाच्या, घागर रिकामी होईपर्यंत. मग वर बघितलं, अप्पांकडे, आणि हात जोडता येईनात म्हणून नुसतं मनगट कपाळाला लावलं.

ते दोन दिवस मी ऑफिसातनं पाणी पिऊन घरी यायचे. आईकडे मागायचं मला धाडस झालं नाही, आणि तिनं दिलंही नाही.